उशाशी उभ्या राहणाऱ्या सिस्टर

आमच्या कॅथलॅबमध्ये आत आलेला प्रत्येक माणूस पडद्याकडे बघतो. डॉक्टर बघतात, त्यांच्या हाताखालचे बघतात, आणि काचेमागे बसलेला मी तर पगारच त्याचा घेतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या पडद्यावर क्षणभर उमटतात आणि विरून जातात. नजर दुसरीकडे वळवावी असं ते चित्रच नाही. सिस्टरांनी मात्र इतक्या वर्षांत त्या पडद्याकडे कधी धड पाहिलं नाही. त्या पेशंटच्या उशाशी उभ्या राहायच्या आणि त्याच्या तोंडाकडे बघायच्या. "ब्लॉक कुठे आहे ते बघायला तुम्ही एवढे जण आहात. ज्याचं हृदय आहे त्याच्याकडे बघायला कोणी नको?" असं त्यांचं म्हणणं होतं.

हॉस्पिटलात सिस्टर पुष्कळ आहेत, पण रत्नागिरीच्या आमच्या हॉस्पिटलात नुसतं 'सिस्टर' म्हटलं की ते यांच्याबद्दल असायचं. बाकीच्यांना नावानं हाक मारावी लागायची. माहेर अलोऱ्याचं, वीजप्रकल्पाच्या कॉलनीतलं. वडील वीजघरात फोरमन. सासर आंजर्ल्याचं. नवरा बोटीवर, म्हणजे वर्षातले बरेच महिने समुद्रावर. त्यामुळे संसार एकहाती करायची सवय, आणि घरात चालणारा हुकूम कॅथलॅबमध्येही तसाच चालायचा. उंची बेताची, आवाज मात्र खणखणीत, आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

ज्यांनी कॅथलॅब पाहिलेली नाही त्यांना सांगतो. पेशंटच्या मनगटातून एक बारीक तार थेट हृदयापर्यंत नेतात, आणि ती कुठे चालली आहे ते दिसावं म्हणून पुन्हा पुन्हा छातीवर एक्स-रेचे किरण सोडतात. गंमत म्हणजे पेशंट टक्क जागा असतो. भूल काय ती मनगटापुरती. आयुष्यभर आंब्याच्या कलमांवर चढलेला, नाहीतर होडीतून जाळी ओढलेला गडी तिथे चादरीखाली निपचित पडलेला असतो. त्याला हलायचं नाही, खोकायचं नाही, आणि आपल्या काळजात कोणी काय खुपसलंय ते विचारायची सोय नाही. अशा वेळी तो उशाशी जो असेल त्याचा हात धरतो. आमच्याकडे तो हात सिस्टरांचा असायचा.

"बाय, मी जगतंय ना गो?" असं एकदा पावस बाजूच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं. आम्ही असतो तर "घाबरू नका आजोबा" वगैरे म्हटलं असतं. सिस्टर म्हणाल्या, "मरायला इथवर गाडी करून कशाला आलास? घरात जागा नव्हती काय?" म्हातारा हसला. हसला तसा डॉक्टरांनी "हलू नका" म्हणून ओरडा केला, तर सिस्टर त्यांच्यावरच उखडल्या, "साहेब, रडताना हलण्यापेक्षा हसताना हललेला बरा." डॉक्टर मुळात कमी बोलणारे. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा तारेकडे वळले.

त्यांची एक ठरलेली युक्ती होती. पुरुष पेशंट फारच घाबरला की त्या त्याला स्वयंपाकातलं काहीतरी विचारायच्या. "तुझी बायको बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती घालते रे?" आता हे कुठल्या नवऱ्याला माहीत असणार! पण माहीत नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून तो आठवायला लागतो. मग त्याची आई किती घालायची ते आठवतं. मग दोघींच्या तिखल्यातला फरक आठवतो. तोवर इकडे तारेवरून नेलेला बारीक फुगा फुगवून रक्तवाहिनी मोकळी झालेली असायची आणि गडी अजून तिरफळांतच. बायकांना हा प्रश्न चालत नसे. त्यांना त्या सुनेबद्दल विचारायच्या.

आता माझ्याबद्दल. मी राजापूरचा, पेशानं एक्स-रे टेक्नॉलॉजिस्ट, आणि त्यावर हॉस्पिटलचा किरण-सुरक्षा अधिकारी. नाव भारदस्त आहे, काम मात्र सगळ्यांच्या मागे लागून त्यांचे शिव्याशाप खायचं. शिशाचा एप्रन घातलास का, गळ्याचा पट्टा बांधलास का, छातीवर बॅज लावलास का. बॅज म्हणजे एक छोटीशी चकती. माणसाच्या अंगावर किती किरण पडले ते ती मुकाट्यानं साठवून ठेवते. दर तीन महिन्यांनी सगळे बॅज लॅबकडे जातात आणि तिथून रीडिंग येतं. सिस्टरांनी माझं नाव फौजदार ठेवलं होतं. मी आत पाऊल टाकलं की त्या मोठ्यानं म्हणायच्या, "चला, कपडे नीट करा, फौजदार आले."

एप्रनच्या बाबतीत मात्र त्या माझ्यापेक्षा कडक होत्या. शिशाच्या एप्रनची घडी घातली की आतून तडा जातो आणि तिथून किरण आरपार येतात, म्हणून तो नेहमी टांगूनच ठेवायचा. कोणी खुर्चीवर बोळा करून टाकला तर सिस्टर त्याला सगळ्यांसमोर उभा करायच्या. "ही पैठणी घडी घालायची नाही, किती वेळा सांगायचं?" त्या म्हणायच्या. वीजघरात टोपी न घालता शिरणाऱ्या कामगारावर त्यांचे वडील कसे बरसायचे ते त्या मग साभिनय सांगायच्या. तो फोरमन मी कधी पाहिला नाही, पण मला तो रोज दिसायचा.

एप्रन अंगाला सांभाळतो, पट्टा गळ्याला. डोळे मात्र उघडेच राहतात. डोळ्यातलं भिंग किरणांच्या बाबतीत फार नाजूक. वर्षानुवर्षं थोडे थोडे किरण पडत राहिले तर त्यात ढग धरू शकतो, म्हणजे मोतीबिंदू, आणि तोही वयाच्या आधी. छातीवरचा बॅज डोळ्याचं नेमकं सांगू शकत नाही. म्हणून मी मॅनेजमेंटच्या मागे लागून डोळ्यांसाठी वेगळे बॅज आणवले. कपाळावर पट्टी बांधायची आणि चकती कानशिलाशी, डोळ्याच्या अगदी शेजारी येऊ द्यायची. पहिल्या दिवशी सिस्टरांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "अरे, या मुंडावळ्या! या वयात कोणाशी लावून देतोस रे माझं?" झालं. त्या दिवसापासून त्या पट्ट्यांचं नाव मुंडावळ्या पडलं. स्टोअरच्या मागणीतही एकदा तसंच लिहून गेलं होतं.

मुंडावळ्या सगळ्यांना डाव्या बाजूला बांधल्या, कारण डॉक्टर जिथे उभे राहतात तिथे मशीन त्यांच्या डाव्या हाताला येतं आणि किरणांचा मारा डाव्या डोळ्यावर जास्त होतो. पहिलं रीडिंग आलं. सिस्टरांचं छान होतं. मी त्यांना तसं सांगितलं, त्यांनी मला घरून आणलेले घावणे खाऊ घातले, आणि आमचं दोघांचं समाधान झालं. पुढे एक दिवस काचेमागून काम बघता बघता माझ्या ध्यानात आलं की डॉक्टर आणि सिस्टर पेशंटच्या एकाच अंगाला उभे असले तरी डॉक्टर त्याच्या कमरेपाशी असतात आणि सिस्टर उशाशी. मशीन दोघांच्या मधे. जे डॉक्टरांच्या डावीकडे, ते सिस्टरांच्या उजवीकडे. त्यांचा उजवा डोळा मशीनकडे, आणि मी बॅज बांधला होता तो पलीकडे, डोक्याच्या आडोशाला. त्यातून त्या वाकून बोलायच्या, म्हणजे मशीनच्या आणखी जवळ. मुंडावळी उजवीकडे सरकवली. पुढचं रीडिंग आलं. अख्ख्या कॅथलॅबमध्ये डॉक्टरांच्याही वर सिस्टरांच्या डोळ्याचा आकडा होता, आणि वर्षभरात डोळ्याला जेवढे किरण चालतात त्या मर्यादेला त्या टेकायला आल्या होत्या.

"म्हणजे काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"उशापासून लांब व्हायचं. काचेमागे यायचं."

"आणि तिथे कोण?"

"कोणी नाही. पेशंटला औषध देऊन थोडं झोपाळू करता येतं."

"भ्यायलेल्या माणसाला गुंगी दिली तर तो गुंगीत भितो," त्या म्हणाल्या. "उठून सांगता येत नाही, एवढंच." आणि त्या तडक पुढच्या पेशंटच्या उशाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी रागावलो, लेखी देतो म्हणालो. त्या म्हणाल्या, "दे. झेरॉक्स काढून दोन दे."

मग मी मायक्रोफोनचा उपाय काढला. सिस्टरांनी काचेमागे माझ्या शेजारी बसायचं आणि माइकवरून बोलायचं. आत छतातल्या स्पीकरमधून आवाज येईल. पहिलाच पेशंट दापोलीकडचा एक वयस्क मच्छीमार होता. सिस्टरांनी माइकमध्ये खणखणीत विचारलं, "काय बाबा, कसा काय वाटतंय?" म्हातारा ताडकन ताठ झाला. छताकडे डोळे फाडून म्हणाला, "वरनं कोण बोलतंय? मना न्यायला आलंय काय?" त्याच्या नाडीचे ठोके असे काही धावले की डॉक्टरांना थांबावं लागलं. सिस्टर माइक तिथेच टाकून आत पळाल्या. त्यांचा चेहरा दिसल्यावर म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. माझा उपाय त्या दिवशीच बंद झाला आणि पुढे कित्येक दिवस मला चिडवायला कोणीतरी 'वरून' हाका मारत होतं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते फक्त आमच्याच कामातली माणसं करू शकतात. एकदा त्या आत उभ्या असताना मी बाहेर एप्रनच्या खुंट्यांपाशी गेलो, तर एका खुंटीला त्यांची मुंडावळी लटकत होती. आत बघतो तर कपाळ मोकळं. मी केस संपेपर्यंत कसाबसा दम धरला. बाहेर आल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. माणसं वर्षाच्या रजा पुरवून पुरवून वापरतात, तशा त्या बॅजची मर्यादा पुरवत होत्या. साधा पेशंट असला की मुंडावळी बांधायची. फार घाबरलेला, वेळखाऊ पेशंट असला की काढून ठेवायची. म्हणजे वर्षाचा आकडा मर्यादेत राहील आणि फौजदाराला त्यांना बाहेर काढता येणार नाही.

"सिस्टर, बॅज काढला म्हणून किरण थांबतात का?" मी ओरडलोच.

"एवढं कळतं मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "डोळा काढून ठेवता येत नाही, म्हणून बॅज काढला." एरवी माझ्या वरचढ आवाजात बोलणारी ही बाई त्या दिवशी अगदी हळू बोलली.

मी त्यांना आग्रह करकरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे त्यांनी आम्हाला कोणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. रात्री आंजर्ल्याला जाताना समोरून गाडी आली की तिचे दिवे फिसकटल्यासारखे पसरतात, उजव्या डोळ्यापुढे. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. उजव्या डोळ्यात भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदूची सुरुवात आहे, त्या म्हणाल्या. किरणांमुळे होतो तो साधारण याच जागी होतो, पण दुसऱ्या कारणांनीही होऊ शकतो. याच एका कारणानं झाला असं छातीठोक सांगता येणार नाही. आम्ही रिक्षानं परतलो. मारुती मंदिराच्या चौकात रिक्षा अडली तेव्हा त्यांनी विचारलं, "मुंडावळी रोज बांधली असती तर हे झालं नसतं काय रे?"

मी खरं तेच सांगितलं. "बॅज काही अडवत नाही, सिस्टर. तो फक्त सांगतो. आपल्याला आधी कळलं असतं, आणि कळलं असतं तर काहीतरी केलं असतं."

"म्हणजे मी त्याचंच तोंड दाबून ठेवलं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं, आता त्या वॉर्डात बदली मागतील. कोणीही मागितली असती आणि कोणी नाव ठेवलं नसतं. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला आल्या, मुंडावळी बांधली आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये मलाही बोलावून घेतलं. "मी उशाशी उभी राहणार नाही," त्या म्हणाल्या. "पण उशाशी कोणी नाही असंही चालायचं नाही. पाळ्या लावायच्या. आज ही, उद्या तो. किरण सगळ्यांनी वाटून घ्यायचे, म्हणजे कोणा एकाच्या डोळ्यावर सगळे यायचे नाहीत." डॉक्टर हो म्हणाले. तेवढ्यात सिस्टरांनी त्यांच्यावरही काम टाकलं. किरण फक्त डॉक्टरांचा पाय पेडलवर असेतोवर सुटतात. पाय उचलला की खोलीत काही नसतं. "साहेब, पाय उचललात की तोंडानं सांगायचं. म्हणजे उशाशी असणारा तेवढ्यात वाकून बोलेल, आणि तुम्ही पाय ठेवलात की मागे शिशाच्या फळीआड होईल." छतावरून टांगलेली शिशाच्या काचेची एक फळी आमच्याकडे कधीची होती, ती उशाकडे ओढून घ्यायचं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. तेव्हापासून आमचे अबोल डॉक्टर पाय उचलला की "मोकळं!" आणि ठेवताना "चालू!" असं म्हणायला लागले. पहिल्या आठवड्यात ते इतके लाजायचे की आम्ही सगळे तोंड फिरवून हसायचो.

मग त्यांनी आम्हाला शिकवायला घेतलं. हे शिक्षण किरणांचं नव्हतं, ते माझं खातं; त्या बोलायला शिकवत होत्या. माझ्या पहिल्या पाळीला मी पेशंटला फार प्रेमानं विचारलं, "तुम्हाला भीती वाटत नाही ना?" बाहेर आल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "तो बिचारा विसरला होता. तू आठवण करून दिलीस." पेशंटला त्याच्या आजाराबद्दल विचारायचं नाही, ज्यात तो तरबेज आहे त्याबद्दल विचारायचं. बागायतदाराला मोहराबद्दल, ड्रायव्हरला घाटाबद्दल, पोस्टमनला कुत्र्यांबद्दल. पायाच्या बोटांवर लक्ष ठेवायचं; माणूस तोंडानं हसतो आणि बोटं आवळतो. हे त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं, इतकी वर्षं पडद्याकडे पाठ करून उभं राहिल्यानं त्यांना दिसलेलं होतं. आणि मुंडावळीशिवाय कोणी आत पाय टाकला, तर डॉक्टर असोत की वॉर्डबॉय, त्या दारातून परत पाठवायच्या. फौजदार हे माझं नाव आता लोकांनी त्यांना दिलं. मला वाईट वाटलं नाही.

मला त्यांच्याबद्दल आदर आधीही होता, पण तो खरा वाढला तो या दिवसांत. आपल्याला ज्यात सगळ्यात जास्त कळतं, ज्यासाठी लोक आपलं नाव काढतात, ते काम जिवंतपणी दुसऱ्याच्या हातात देणं सोपं नसतं. त्या काचेमागे माझ्या शेजारी उभ्या राहायच्या, आत कोणीतरी आमच्यातला ओबडधोबड बोलत असायचा, आणि त्यांचे ओठ आपोआप हलायचे. कधी कधी उजवा डोळा मिटून डाव्यानं बघायच्या. मी बघितलं की म्हणायच्या, "तू पडद्याकडे बघ. तुझा पगार त्याचा आहे."

त्यांचे यजमान तात्या बोटीवरून कायमचे घरी आले होते. आंजर्ल्याला कलमं राखायची, पहाटे समुद्रावर चालायला जायचं, संध्याकाळी गणपतीच्या देवळात जाऊन बसायचं असा त्यांचा बेत. एका सकाळी देवळाच्या पायऱ्या चढताना त्यांच्या छातीत आवळून आलं. शेजाऱ्यांनी गाडीत घालून त्यांना रत्नागिरीला आणलं. सिस्टर ड्युटीवरच होत्या. तात्यांना स्ट्रेचरवरून आत घेताना त्यांनी सिस्टरांचा पदर धरावा तसा गाऊन धरला होता. समुद्रावर वादळं काढलेला हा माणूस. पण त्या टेबलावर सगळे सारखेच असतात.

मी सिस्टरांना बाजूला घेतलं. त्या वर्षी त्यांनी उशाशी उभं राहायचं नाही असं आमचं ठरलेलं होतं. पण एका केसनं काही मर्यादा ओलांडली जाणार नव्हती. हिशेब माझ्याकडेच होता. "सिस्टर, आज तुम्ही जा आत. मी फौजदार म्हणून सांगतो, चालेल."

त्यांनी एप्रन घातलेला होता. मुंडावळी बांधलेली होती. हात दारापर्यंत गेला होता. मग त्यांनी तो मागे घेतला. "आज पाळी कोणाची?"

"माझी."

"मग तू जा." आणि मला काही बोलू न देता म्हणाल्या, "मी गेले तर उद्या जिचा बाप आत असेल तिला काय सांगशील? परवा जिचा मुलगा असेल तिला? सगळ्यांचंच कोणीतरी असतं रे आत." त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, पण एप्रनची कड त्यांनी मुठीत इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

मी तात्यांच्या उशाशी उभा राहिलो. त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि तोंड फिरवलं. "तू नको. तिला बोलाव."

"त्या काचेमागे आहेत, तात्या. बघतायत."

"काचेमागे काय करते? इकडे ये म्हणावं."

डॉक्टर म्हणाले, "चालू." मी फळीआड व्हायला हवं होतं, पण तात्यांनी माझा हात धरला होता. काय तो हात! दोर ओढून ओढून लाकडासारखा झालेला. मला तो सोडवेना. सिस्टर इतकी वर्षं त्या जागेवरून का हलल्या नाहीत ते मला त्या क्षणी कळलं. एवढ्यात काचेवर टकटक झालं. मी वर बघितलं. सिस्टर मला दोन्ही हातांनी मागे हो, मागे हो अशा खुणा करत होत्या. टेबलावर त्यांचा नवरा होता, आणि त्या बाई माझ्या डोळ्यांसाठी काच बडवत होत्या. मी फळीआड झालो, हात तेवढा तिच्याखालून तात्यांच्या हातात राहू दिला.

"मोकळं," डॉक्टर म्हणाले. मी वाकलो. काय विचारावं सुचेना. मग विचारलं, "तात्या, बोट बंदराला लावताना पहिला दोर कुठला टाकतात?" तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढंही ठाऊक नसलेला माणूस त्यांनी प्रथमच पाहिला होता. आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पुढचा दोर, मागचा दोर, वारा कुठला, भरती की ओहोटी. मधे मधे "चालू" आणि "मोकळं" होत राहिलं. तात्या फळीपलीकडे बोलत राहिले, मी अलीकडून हूं हूं करत राहिलो. त्यांच्या पायांची बोटं हळूहळू सैल झाली. रक्तवाहिनी उघडली तेव्हा त्यांची बोट अजून धक्क्याला लागायची होती.

शेवटचं "मोकळं" झाल्यावर डॉक्टरांनी पेडल पायानं लांब सरकवलं आणि दाराकडे बघून म्हणाले, "सिस्टर, या." त्या आल्या. तात्यांच्या कपाळावर हात ठेवला. "होतीस कुठं गो?" तात्यांनी विचारलं. "इथंच होते," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी हातमोजे काढायच्या निमित्तानं पाठ फिरवली. मला निमित्त सापडलं नाही. मी तिथेच उभा राहून डोळे पुसले.

तात्यांना एकटं ठेवायचं नाही म्हणून सिस्टरांनी लवकरच नोकरी सोडली. निरोपाचा समारंभ त्यांनी करू दिला नाही. जायच्या दिवशी मुंडावळीतली चकती, तात्यांच्या केसच्या वेळी बांधलेली तीच, माझ्या हातात दिली, कारण नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा बॅजही वाचायला पाठवावा लागतो. आंजर्ल्याला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं मला तात्यांच्या फोनवरून कळलं. आता देवळाजवळून समुद्रावरची होडी कोणाची ते त्या तात्यांच्या आधी ओळखतात, आणि त्यावरून रोज भांडण होतं म्हणे.

रीडिंग आलं तेव्हा मी फोन केला. आधी त्यांनी आज उशाशी कोण आहे ते विचारलं. मग कोण रजेवर आहे, डॉक्टर अजून लाजतात का, माझी आई कशी आहे. मग म्हणाल्या, "माझं काय आलं रे?"

"काही नाही आलं, सिस्टर. कोरं आहे. एवढ्या वर्षांत तुमचं पहिल्यांदाच कोरं आलंय."

मागे तात्या कोणाला तरी हाक मारत होते.

"कोरंच यायचं," त्या म्हणाल्या. "बाहेर होते ना मी."